काकांच्या चकचकीत रिकिबी

काल मी चामड्याच्या जुन्या चपलांना तेल लावत होते. त्या वासाने गंगापूर रोडजवळचं घोडेस्वारीचं मैदान आठवलं. नव्वदच्या दशकात मी आणि माझी मैत्रीण मृणाल तिथे शिकायला जायचो.

तिच्या वडिलांचा सातपूरला कारखाना होता आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज होता. मृणालचं खोगीर त्यांनी जुनंच घेतलं, पण पाय ठेवायच्या रिकिबी मात्र नव्या, चकचकीत आणि अरुंद.

एका सकाळी मी म्हटलं, "काका, बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी. आणि रिकिबी लटकतात त्या जुन्या पट्ट्यांना तेल लावा, शिवणीपाशी तडे गेलेत."

"तेलाने कपडे खराब होतात. तू मला शिकवू नकोस."

त्याच सकाळी घोडा बुजला. मृणाल पडली, पण पाय रिकिबीत अडकला आणि घोडा तिला फरफटत नेऊ लागला. मी किंचाळत धावले. तेवढ्यात शिवणीपाशी पट्टा तुटला आणि ती सुटली.

काका सावकाश आले. कोपर सोलवटलेल्या लेकीकडे न बघता त्यांनी तुटका पट्टा उचलला आणि सगळ्यांना दाखवला.

"बघा! तेल लावलं असतं तर तुटला असता का? माझ्यामुळे वाचली पोरगी."

तेव्हा मला संताप आला होता. आता वाटतं, तो माणूस संतापाच्याही लायकीचा नव्हता.

मृणालने तोंडातली माती थुंकली.

"बाबा, दुसरी रिकीब शाबूत आहे. बसा तुम्ही."

"मला मीटिंग आहे," म्हणत ते गाडीकडे वळले. आयुष्यात ते कधी घोड्यावर बसलेच नव्हते.