जेट्टीवरचं हसू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माझी बायको म्हणजे — बाहेर वडापाव खाऊन आलो तर चपला काढायच्या आत ओळखणारी बाई. तिच्यापासूनसुद्धा हे लपलं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता आत ठेवायला जागा उरली नाही म्हणून.

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. काचेत एक मोठा फोटो लावलाय. दिघीची जेट्टी, भोवती खाडी, उतरतं ऊन, आणि एक मुलगी हसतेय. मुलगा पाठमोरा आहे, त्याच्या खांद्यावरून तिचा चेहरा दिसतो. मुंबई-पनवेलची जोडपी हल्ली प्रीवेडिंगला इकडेच येतात. दुकानात शिरली की आधी त्या फोटोकडे बोट दाखवतात — आम्हाला असाच हवा. मी म्हणतो, काढू की. हे म्हणताना मी त्या फोटोकडे बघत नाही. पण म्हणतो.

मुलगी आमच्याच बाजूच्या गावातली. तिचे वडील, अप्पा, भातशेती करणारे, दहा वेळा हाक मारावी तेव्हा एकदा बोलणारे. मुलगा पनवेलचा, तळोज्याला कंपनीत नोकरी. मुलगा वाईट होता असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण नव्हता. त्यांच्या प्रीवेडिंगच्या दिवशी वाळूत तिला नीट चालता यावं म्हणून दिवसभर तिच्या चपला हातात घेऊन फिरत होता. लाजत होता, मी सांगेन तसा उभा राहत होता.

तिला हसू येत नव्हतं. म्हणजे दात दिसायचे, पण डोळे आपले तसेच. आमच्या धंद्यात यावर इलाज असतात. पाचकळ विनोद सांगायचे, नवऱ्यामुलाला नाचायला लावायचं. सगळं करून झालं. जेट्टीवर आलो तोवर ऊन जायला लागलं होतं आणि माझ्याकडे एकही धड फोटो नव्हता. मग मी ठेवणीतलं काढलं. तिला म्हटलं, डोळे मिटा. ज्याच्यासाठी जीव वर-खाली होतो ना, तो समोरून येतोय असं समजा. मी सांगितलं की उघडा.

आगरदांड्याहून येणारी फेरीबोट तेवढ्यात माझ्या पाठीमागे जेट्टीला लागत होती. मी म्हटलं, उघडा.

असं हसू मी त्यानंतर कुणाच्याही तोंडावर पाहिलेलं नाही. पण ती समोरच्या मुलाकडे बघतच नव्हती. त्याच्या खांद्यावरून बोटीकडे बघत होती. कॅमेऱ्यातून मला ते स्वच्छ दिसत होतं. मी काय केलं? बटण दाबलं. दाबतच राहिलो.

मुलगा शर्ट बदलायला गाडीकडे गेला तेव्हा ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "दादा, तुम्ही डोळे मिटायला सांगितलंत, पण आला तो दुसराच. याच बोटीनं यायचा तो." मग खाली बघत म्हणाली, "अप्पा तुमचं ऐकतात. बोलाल का त्यांच्याशी? माझी जीभ न्हाय रेटत."

मी लेन्स पुसत होतो. पुसण्यासारखं लेन्सवर काही नव्हतं. म्हणालो, लग्नाआधी सगळ्यांनाच असं होतं. मुलगा परत आला, आणि तिने दात दाखवून उरलेले फोटो काढून घेतले.

इथेच संपलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. माणूस स्वतःला सोयीचं तेवढं विसरतो. पण मग अप्पा दुकानात आले.

म्हणाले, पासपोर्ट साईझ फोटो काढायचाय. कशाला ते सांगितलं नाही. शर्टाचं वरचं बटण लावून स्टुलावर ताठ बसले. मी फोटो काढला, तरी उठेनात. मग भिंतीकडे बघत बोलायला लागले. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तिची आय म्हणते, लगीन ठरल्यावर सगळ्याच पोरी गप होतात. पण ही जेवत न्हाय रं. मला बापाला काय सांगायची न्हाय ती. तू दिसभर संगं होतास. पोर खुश हाय ना? नसंल तर सांग. मी आजच फोन करून मोडतो. लोकांचं काय ते माझं मी बघून घेईन."

बघा — सगळं माझ्या हातात आणून ठेवलं होतं त्या माणसाने. एक शब्द पुरे होता. न्हाय, अप्पा. एवढाच.

मी कॉम्प्युटरची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. म्हणालो, "बघा की अप्पा. हे हसू खोटं असेल का?"

हसू खोटं नव्हतंच. म्हणून तर ते दाखवलं. अप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले आणि म्हणाले, "न्हाय रं. अशी तर ती ल्हान असताना पन हसली न्हाय." आणि हलक्या पावलांनी निघून गेले. पासपोर्ट फोटो न्यायचा विसरले. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

का केलं मी असं? फोटोवाल्याने लग्न मोडलं असं गाव म्हणेल, ही भीती होती. पण खरी गोष्ट त्याहून लहान आहे, म्हणून सांगायला लाज वाटते. तो फोटो फार चांगला आला होता. लग्न मोडलं असतं तर तो काचेत लावता आला नसता. बस, एवढंच.

तेव्हापासून दर वर्षी कापणी झाली की अप्पा नव्या भाताचे तांदूळ आणून देतात. "तुझ्यामुळं मी निवांत झालो," म्हणतात. आम्ही ते खातो. बायको म्हणते, काय सुरेख वास आहे!

गेल्या महिन्यात ती नवरा-बायको दुकानात आली, पोरीच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढायला. त्याने पोरीला कडेवर घेऊन काचेतला फोटो दाखवला — बघ, आई-बाबा. मग हसत हसत मला विचारलं, "दादा, तेव्हा काय सांगितलं होतंत हो हिला? मी किती प्रयत्न करतो, पण तशी ती परत हसलीच नाही. आज एकदा हसवा ना." तो थट्टेत बोलत होता. पण उत्तरासाठी थांबला होता.

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "मी काय सांगणार? वहिनींचं हसूच मुळात गोड आहे."

ती खाली वाकून पोरीचा फ्रॉक सारखा करत राहिली. फ्रॉक सारखाच होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हटलं, इकडे बघा. मुलीला मांडीवर घेऊन तिने मान वर केली, आणि दात दाखवले.