मांडीवरची महालक्ष्मी

गेल्या वर्षी आमच्या घरी महालक्ष्म्या आल्या, तेव्हा मी आतल्या खोलीत पलंगावर बसून नुसता घंटेचा आवाज ऐकत होते. घरची थोरली सून मी. ज्येष्ठेचा मुखवटा तुळशीपासून देवघरापर्यंत आणायचा मान माझा. पण सांधेवातानं गुडघे आणि घोटे असे धरले की वॉकरशिवाय दोन पावलं टाकता येईनात, आणि वॉकर धरला की दोन्ही हात त्यातच अडकतात. मुखवटा धरायचा कशात, दातांत? खरं सांगते, त्या दिवशी मला देवीचा राग आला होता. जिच्यासाठी इतकी वर्षं पुरण वाटलं, तिला माझे पाय दिसू नयेत?

यंदा मात्र मी आस लावूनच बसले होते. तपासणीसाठी मला दर महिन्याला समुद्रपूरहून एस.टी.नं वर्ध्याच्या दवाखान्यात जावं लागतं. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, "नव्या गोळ्यांनी सूज उतरली तर पुढच्या वेळी वॉकर सोडून बघू." आणि ती पुढची वेळ नेमकी महालक्ष्म्यांच्या तोंडावर आली! मला तर तो देवीचाच निरोप वाटला. रोज दिवा लावताना एकच मागणं मागत होते, माये, तेवढ्या वाटेपुरते पाय दे. अंगण ते देवघर, जास्त नको.

दवाखान्यात माझी धाकटी जाऊ शोभा बरोबर होती. आमचे हे किराणा दुकान सोडून येऊ शकत नाहीत, म्हणून दर वेळी तीच येते. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं, त्यामुळे सकाळपासून चहाचा घोटही घेतला नव्हता. रांगेत माझ्यापुढे चाकांच्या खुर्चीत एक बाई होत्या, साठीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचं रक्त देऊन झालं तशी त्यांनी पिशवीतून डबी काढली आणि खुर्चीची चाकं फिरवत रांगेतल्या लोकांच्या हातावर देवीचा खोबरं-साखरेचा प्रसाद ठेवत निघाल्या. माझ्याही हातावर ठेवला. मी तो कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. हातावर आलेला प्रसाद कोणी बाजूला ठेवतं का? गिळला मात्र, आणि शोभा ओरडली.

"ताई! काऊन खाल्लं? रगत द्याचं हाये ना उपाशी!"

"परसाद होता व!" मी म्हणाले, आणि मग काय करून बसले ते मलाच कळलं.

खिडकीतल्या मुलीनं विचारलंच, काही खाल्लं का? खोबऱ्याचा कीस अजून दाताखाली होता, खोटं कसं बोलणार! "मंग आज नाई जमत, काकू. उद्या उपाशी येजा," ती म्हणाली. रक्ताचा रिपोर्ट नाही म्हणजे डॉक्टरही बघणार नाहीत. उद्या पुन्हा एवढा प्रवास, पुन्हा एस.टी.ची ती उंच पायरी. मी तिथंच बाकावर रडायला लागले. देवीनं निरोप पाठवला म्हणावं, तर तिच्याच प्रसादानं वाट अडवली होती.

त्या बाई खुर्ची वळवून परत आल्या. "माह्यामुळं झालं हे. रगत देऊन झालं न् मी आपली खुशीत वाटत सुटली. आता परत कुठं जाता? माहं घर इथंच नालवाडीले हाये. आज मुक्काम करा, सकाळी आटोनं येऊ."

अनोळखी घरी कसं जायचं? पण एस.टी.ची ती उंच पायरी डोळ्यांपुढे आली. यांना फोन केला आणि गेलो.

त्यांचं नाव सरूताई. घरी त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच. दिवेलागणीला सरूताई तुळशीपाशी निघाल्या. निरांजन, तेलाची वाटी, फुलं, उदबत्त्या, सगळं मांडीवरच्या ताटात. मी बघतच राहिले. खुर्ची मलाही डॉक्टरांनी दोनदा सुचवली होती आणि दोन्ही वेळा मी त्यांच्याशी भांडले होते. खुर्ची म्हणजे संपलंच सगळं, असं मला वाटायचं. मी भीत भीत विचारलं, "तुमाले वाईट नाई वाटत?"

"काऊन वाटीन? हे खुर्ची तं मले गावभर फिरवून राह्यली," त्या हसल्या. "माही जुनी ओसरीत पडून हाये. बसून पाहा एकडाव."

बसले. त्यांनी दिव्याचं ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि शोभानं मागून खुर्ची लोटली. मी ताट धरलं होतं, दोन्ही हातांनी! तुळशीपाशी पोचेपर्यंत माझ्या छातीत नुसते ढोल वाजत होते.

"शोभे, माहे हात मोकळे हायेत व!" मी ओरडले. शोभाला आधी कळेना, मग तीही रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, गुडघे दाबले आणि मान हलवली. सूज उतरली नव्हती, वॉकर इतक्यात सुटणार नव्हता. ज्या वाक्याची मी महिनाभर धास्ती घेतली होती ते ऐकूनही मी विचारलं, "मग खुर्ची चालेल का?" डॉक्टर हसून म्हणाले, "चालेल काय, धावेल!"

सरूताईंनी ती जुनी खुर्ची बरोबर दिली. एस.टी.त घडी करून ठेवली तर कंडक्टर म्हणाला, "काकू, इचं तिकीट कोण काढन?" मी म्हणाले, "महालक्ष्मी काढन!" सगळी गाडी हसली.

आणि तो दिवस! यांनी दुकानातली पोती चढवायची फळी आणून उंबरठ्यावर टाकली. अंगणापासून देवघरापर्यंत शोभानं ओल्या कुंकवाची पावलं काढली होती. ज्येष्ठा माझ्या मांडीवर, कनिष्ठा शोभाच्या हातात, आणि खुर्ची लोटायला आमचे हे. माहेरी आलेली लेक मांडीवर घ्यावी तसं मी तिला धरलं होतं. दारात बायकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली?" सोन्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं. माझ्या तोंडून निघालं, "माह्या मांडीवर बसून आली!" हसता हसता कोणाची तरी घंटाच हातातून पडली.

त्या प्रसादाला कोणी योगायोग म्हणेल, मी वाद घालत नाही. मी पाय मागत होते, आणि तिला फक्त माझी मांडी हवी होती. आता दिवा लावते तेव्हा काही मागत नाही, तुला हवं तसं ने म्हणते. त्या दिवशी चाकं ओल्या कुंकवावरून गेली आणि उंबरठ्यापासून देवघरापर्यंत दोन लाल रेघा उमटल्या. विसर्जन झाल्यावर शोभा फडकं घेऊन आली, तेव्हा यांनी तिला थांबवलं. "राहू दे," म्हणाले, "ते पावलंच होय."