शोकेसमधले कप

"आजी, शोकेस म्हणजे काय गं?" काल नातीनं विचारलं. आमच्या पनवेलच्या घरात शोकेस म्हणजे हात लावायचा नाही असं काचेचं कपाट.

नव्वद साली ताईला बघायला पाहुणे आले. रिकामी शोकेस दिसायला नको, म्हणून आईनं शेजारच्या जुबेदाखालांचे दुबईचे कप मागून आणून त्यात मांडले. खालाही येऊन बसल्या होत्या.

मुलाची आई म्हणाली, "कप सुरेख आहेत हो! चहा त्यांतच द्या."

आई पांढरीफटक पडली. माझ्या मनात आलं, एखादा फुटला तर? खाला काही बोलल्या तर?

खाला उठल्या, काच सरकवली आणि आईला म्हणाल्या, "तुमचेच कप, वहिनी. काढा की!"

ताईचं जमलं. त्या कपांतून खुद्द खालाही कधी चहा प्यायल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं.