चौथी पास

बालाघाटच्या रोजगार कार्यालयात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. वर्षभरात साहेबांनी मला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला जबलपूरला पाठवलं. तिथून परतलो तो ‘व्यावसायिक मार्गदर्शन’ हा शब्द आणि छापील प्रश्नांचा गठ्ठा घेऊन. त्याच उन्हाळ्यात जवळच्या एका मँगनीजच्या खाणीनं माल निवडणाऱ्या साठेक बायांना कामावरून कमी केलं. मागणी उरली नाही, एवढंच कारण सांगितलं. त्यांची नावं नोंदवायला साहेबांनी मलाच धाडलं.

खाणीच्या वस्तीत मोहाच्या झाडाखाली टेबल मांडलं. पहिली पुढं आली ती चाळिशीची विधवा, दोन मुलींची आई. मी छापील प्रश्न विचारला, "मावशी, तुम्हाला कोणत्या कामाची आवड आहे?"

मागच्या बाया हसल्या. ती हसली नाही. "आवड कायची बाबूजी? काम पायजे."

"बरं, येतं काय तुम्हाला?"

तिनं खालचे दोन काळे गोटे उचलले, तळहातांवर तोलले आणि एक माझ्यापुढं ठेवला. "हा माल. हा फेकाचा. डोये झाकूनबी सांगीन."

मला दोन्ही सारखेच दिसत होते. आमच्या यादीत या कामाला नाव नव्हतं. तिच्या कार्डावर मी ‘अकुशल’ लिहिलं.

मग दर सोमवारी ती चालत कार्यालयात यायची. मी भंडाऱ्याकडच्या खाणींना पत्रं लिहिली. तिथंही माणसं कमीच करत होते. तिला घेऊन तीन राइस मिल फिरलो. प्रत्येक दारात आधीच बाया बसलेल्या. खाणीनं खोली सोडायला सांगितली. थोरल्या पोरीला तिनं शाळेतून काढून बिडीच्या कामाला बसवलं. हे सांगताना ती भिंतीकडं बघत होती.

पावसाळा लागता लागता एका दवाखान्यातून आयाच्या जागेसाठी पत्र आलं. अट होती चौथी पासची. इतकी वाट पाहून एक जागा आली होती. ती मला सोडवेना.

"मावशी, विचारलं तर चौथी पास म्हणा. दाखला हरवला म्हणून सांगा."

"खोटं बोलू?"

"एवढंच. आयाला कोण वाचायला लावतं?"

कार्डावर मी ‘चौथी पास’ लिहिलं आणि चार दिवस तिला सही गिरवायला लावली. पाचव्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून गेली. दुपारी परतली ती माझ्या टेबलासमोर उभीच राहिली.

"नर्सबाईनं बाटली देली हाती. म्हने, यावर काय लिवलं हाये ते वाच. मी ते उलटी धरली होती म्हने. साऱ्या बाया पाहून राह्यल्या होत्या." तिचा आवाज चढला नाही. "काहून खोटं बोलाले लावलं मले? इतकी वर्सं माल निवडला, एक गोटा इकडचा तिकडं नाई केला मी."

ती निघून गेली.

दोन दिवसांनी दवाखान्याचं तक्रारीचं पत्र आलं. साहेबांनी कार्ड मागवलं. ‘चौथी पास’ माझ्याच अक्षरात होतं. "हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"बाईनंच," मी म्हणालो.

त्यांनी कार्डावर लाल रेघ मारली. सोमवारी ती आली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. वस्तीत गेलो तर खोलीला खाणीचं कुलूप. शेजारीण म्हणाली, किरनापूरकडं भावाच्या घरी गेली.

रविवारी बसनं तिकडं गेलो. दुसऱ्याच्या बांधीत गुडघाभर चिखलात ती धानाची रोवणी करत होती. धाकटी पोर बांधावर, ओलीचिंब. मला पाहून तिनं कंबर सरळ केली.

"मावशी, साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं. कार्ड रद्द झालं."

तिनं हातातल्या रोपांच्या पेंढीचा चिखल झटकला. "तुमची नोकरी राह्यली ना?"

"हौ."

"मंग झालं." ती वाकली आणि रोवू लागली. मी बांधावर थांबलो. तिनं पुन्हा मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. ते खूप बोलले, लेखी ताकीद दिली, आणि तिचं नवं कार्ड करायची परवानगीही दिली. पण नवा नंबर रांगेच्या पार शेवटी लागला. कार्ड मी टपालानं भावाच्या पत्त्यावर पाठवलं. ते पोचलं की नाही कळलं नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरणाला कुणी आलं नाही. त्या साठेक बायांपैकी कामाला लागल्या त्या दोघी, त्याही मिलमध्ये, हंगामापुरत्या.

छापील प्रश्नांचा गठ्ठा पुढं बरीच वर्षं माझ्या टेबलावर होता. लोक समोर येऊन बसत. मी आवडीचा रकाना कोरा सोडून खालचं भरू लागे.