ताईच्या फोटोतला काळा

ताईच्या जुन्या फोटोची नवी प्रत भाचीने परवा शाईच्या प्रिंटरवर, जाड सुती कागदावर काढून आणली. मी माझी डार्करूममधली प्रत शेजारी ठेवली आणि दोन्ही खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. नव्या प्रतीतला काळा कमी नव्हता, उलट जरा जास्तच गडद. पण तो कागदावर बसलेला, कोरडा. माझ्या प्रतीतला कागदाच्या आत मुरलेला, अजून ओला असावा असा. इथवर भांडण नाही. भांडण चेहऱ्याचं. ताई चांगली उजळ झाली होती!

"दुकानदार म्हणाला, फेस डार्क होता, ठीक कर दिया," भाची म्हणाली.

माझं डोकं फिरलं. कोणी सांगितलं होतं ठीक करायला?

ऐंशीच्या दशकात जयपुरात हेच झालं होतं. वडील रेल्वेत, अकोल्याहून बदलून आलेले. ताई शाळेत शिकवायची आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. त्यासाठी आमच्या जवळच्या सोडाला भागातल्या एका स्टुडिओत तिचा फोटो काढला. तो घरी आला तेव्हा ती ओळखू येईना. चेहरा गोरा दिसावा म्हणून त्या माणसाने अख्खा फोटोच फिका छापला होता. त्यापायी तिचे दाट काळे केस राखेसारखे झाले होते आणि काळी साडी धुऊन विटल्यासारखी.

"असू दे ना वं," आई म्हणाली. "जरा उजळ दिसली तर काय बिघडलं?"

"बिघडलं मतलब? आई, ही मी नाहीच."

ताई मला घेऊन तडक स्टुडिओत गेली. मालक हसला. "बहनजी, शादी की फोटो है. साँवली लड़की की ऐसी ही बनाते हैं."

"मैंने गोरा बनाने को कहा था?"

"कहना नहीं पड़ता."

ते वाक्य आजही आठवलं की अंगाची लाही होते. ताई मात्र आवाज न चढवता म्हणाली, "निगेटिव्ह दीजिए." तो कुरकुरला, पण ती हलेना, तेव्हा त्याने दिलं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि तिथल्या डार्करूममध्ये छापायला शिकत होते. ताईही आत आली. छापताना कागदावर जितका उजेड, तितका काळा; पहिल्या प्रतीत तो जास्त दिला गेला आणि चेहरा केसांच्या काळ्यात बुडाला. दुसरीत थोडा कमी दिला, कागद रसायनात पुरता मुरू दिला. लाल दिव्याखाली आधी केस वर आले, मग साडी, मग त्यांच्यापासून वेगळा, सावळा, स्वतःच्या तेजाचा चेहरा. ताई ट्रेवर वाकून बघत होती. "हं," ती म्हणाली, "आता आले मी."

वडिलांनी तशीच आणखी एक प्रत नागपूरच्या स्थळाकडे पाठवली. तिकडून निरोप आला, फोटो जरा काळा आलाय, दुसरा पाठवा. वडील शांत स्वभावाचे, कोणाला दुखवायचे नाहीत. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा लाल झाला. "फोटो बरोबर आलाय," एवढंच त्यांनी कळवलं आणि ते स्थळ सोडून दिलं.

काही दिवसांनी आम्ही दोघी सोडाल्यातून जात होतो. स्टुडिओच्या दर्शनी काचेत, नवऱ्या मुलींच्या फोटोंच्या रांगेत ताई होती. तीच फिकी ताई! निगेटिव्ह देण्याआधीच काढून ठेवलेली आणखी एक प्रत त्याने नमुना म्हणून लावली होती, तीही न विचारता.

ताई आत शिरली. "उतारिए."

"अरे, इतनी सुंदर तो आई है..."

"उतारिए!"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली, तेव्हा त्याने काच उघडली. ताईने फोटो त्याच्या हातातून घेतला आणि तिथेच, त्याच्या काउंटरवर, फाडून टाकला.