खालच्या अंगाचं घर

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुदखेडला बहिणीकडे होते. मुलाचा फोन. "आई, पप्पा..." एवढंच म्हणाला, मग तुटक तुटक बाकीचं सांगितलं. नांदेडच्या घरी सकाळी फिरून आले, सोफ्यावर बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं. बहिणीनं मला गाडीत बसवलं. नांदेडचे पूल दिसायला लागले तेव्हा दुसरा फोन वाजला. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून, सरपंच बालाजीरावांचा. "वहिनी, लई वाईट झालं. साहेबांना गावाकडंच आणा. वरच्या जागेत समदी तयारी करून ठेवतो. तुमी कायबी काळजी करू नका."

वरच्या जागेत... आमच्या गावाला दोन स्मशानं आहेत. एक वरच्या अंगाला, रस्त्यालगत. तिथं पत्र्याचं शेड, सिमेंटचा ओटा, बसायला बाकं. दुसरं खाली, पूर्वेला, ओढ्याच्या पल्याड. तिथं बाभळी आणि काळी माती. कोण कुठं जाणार हे कुठंही लिहिलेलं नाही आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आम्ही बौद्ध. आमची गल्ली खालच्या अंगाला, आणि त्या गल्लीतलं एकही माणूस आजवर वर जळालेलं नाही. बालाजीराव मनापासून बोलत होते, यात मला शंका नाही. पण हा निर्णय खरं तर सुदामनं घ्यायचा, आणि तोच आता घेऊ शकत नव्हता. "येतो आम्ही. बघू," एवढंच मी म्हणाले.

जिवंतपणी मी त्यांना अहो म्हणायचे. लिहिताना मात्र सुदामच म्हणणार आहे, एकेरी. त्यांना हे चाललं नसतं, पण आता अडवायला ते नाहीत आणि मलाही इतक्या वर्षांत एकदा मनासारखं करू द्या. तर, लोहा, अहमदपूर मागं पडत होतं, गाडीत मुलगा माझा हात धरून बसला होता, मागच्या गाडीत सुदाम होता, आणि मला सारखं एकच आठवत होतं. इंग्लंडातलं ते बुटकं घर.

सुदाम पाण्याचा इंजिनिअर. विष्णुपुरीच्या कालव्यांवर वर्षानुवर्षं उन्हातान्हात फिरलेला. मधेच दोन वर्षांसाठी तिकडं काम मिळालं, मी शिकवत होते त्या शाळेतून बिनपगारी रजा काढली आणि गेलो. लोकांना इंग्लंड म्हटलं की लंडन वाटतं. आम्ही गेलो ते एक गाव होतं, आपल्याकडच्यासारखंच, फक्त ओलं आणि हिरवं. मधोमध गवताचं मैदान, एक चर्च, एक पोस्ट, आणि दारूचं एक दुकान जिथं म्हाताऱ्या बाया कुत्री घेऊन जेवायला बसत. ऑफिसनं घर ठरवून दिलं होतं. टॅक्सी गाव ओलांडून, ओढ्यावरचा दगडी पूल उतरून खाली आली आणि तीन घरांच्या रांगेपुढं थांबली. जाड दगडी भिंती, वर गवताचं शाकारलेलं छप्पर, कपाळाएवढ्या खिडक्या, दाराशी गुलाब. मला तर ते चित्रातलंच घर वाटलं. शेजारच्या घरातली मालकीण किल्ली घेऊन फाटकात उभी होती. तिचं नाव हिल्डा. मी तिला पहिल्या दिवसापासून हिल्डाबाईच म्हणत आले.

सुदाम फाटकाच्या बाहेर थांबला. आधी त्यानं ओढ्याकडं पाहिलं, पाणी कुठून कुठं जातंय ते. मग गावाकडं पाहिलं. मग हिल्डाबाईला विचारलं, सूर्य कुठल्या बाजूनं उगवतो? तिला वाटलं पाहुण्यांना उन्हाची हौस. ती खुशीनं म्हणाली, याच बाजूनं, सकाळचं पहिलं ऊन गावात आधी आपल्याच स्वयंपाकघरात येतं. सुदामचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. माझ्याकडं वळून तो मराठीत म्हणाला, "पूर्वेला. ओढ्याच्या पल्याड. खालच्या अंगाला. वर गवताचं छप्पर. शैला, सात समुद्र ओलांडून आलो अन् ह्यांनी मला बरोबर माझ्या जागी नेऊन ठिवलं."

मी म्हणाले, "अहो, यांना काय ठाऊक?"

"न सांगता कळतं तेच तर खरं असतंय," तो म्हणाला.

त्यानं हिल्डाबाईला सांगितलं, आम्हाला गावाच्या आत घर हवंय. ती म्हणाली, आत एकही रिकामं नाही. तिच्या हातातली किल्ली तशीच पुढं धरलेली राहिली, हसू हळूहळू मावळलं. झिमझिम सुरू होती, आमच्या बॅगा रस्त्यावर भिजत होत्या. शेवटी मीच किल्ली घेतली. दार इतकं बुटकं की मलासुद्धा मान वाकवावी लागली. सुदाम तर सहा फुटी. त्याच्या लहानपणी त्याचे वडील पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून, मान खाली घालून बोलायचे आणि हा त्यांचं बोट धरून ते बघायचा. शिकून नोकरीला लागला तेव्हा मनाशी पक्कं केलेलं, कुणाच्या दारात मान वाकवायची नाही. त्या दिवशी त्यानं ती वाकवली नाही आणि चौकटीचं लाकूड कपाळावर सणकन बसलं. टेंगूळ आलं. मी हळद शोधत बसले, तर म्हणतो, राहू दे. दुसऱ्या दिवसापासून तो गुडघ्यात दुमडून, मान ताठ ठेवून दारातून आत यायचा. बघताना हसू यायचं, आणि हसायची सोय नव्हती.

त्यानं बॅग उघडली नाही. रोज त्यातून कपडे काढायचे, धुऊन पुन्हा त्यातच ठेवायचे. ऑफिसात दुसऱ्या घरासाठी मागं लागला. मला म्हणाला, जमलं नाही तर परत जाऊ. मला धास्तीच बसली. मला तिथं राहायचं होतं, पण त्याला असं फाटकात उभं ठेवून नाही. रस्त्यावर कुणी हसून बोललं की हा त्या हसण्याचा अर्थ लावत बसायचा, आणि कुणी बोललं नाही की त्याचाही. माझं आपलं दोघांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडं हसणं चालू... अडकित्त्यातली सुपारी झाले होते मी.

अशात हिल्डाबाईनं चहाला बोलावलं. तिच्या बैठकीतलं छत हात वर केला तर लागेल एवढं खाली, काळ्या तुळया, शेगडीत कोळसा. तिनं काचेच्या कपाटातून दोन कप काढले, नाजूक, निळ्या फुलांचे, बशीसकट. आमच्यापुढं ठेवले. स्वतः एका टवका उडालेल्या जाड मगात चहा घेऊन बसली. सुदाम त्या कपाकडं बघत राहिला. हात लावेना. मला कळलं. चाकूरच्या स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप वेगळे, बाहेर वळचणीला खोचलेले असत. प्यायचं, आपणच धुवायचं, पुन्हा खोचायचं. मी मराठीत पुटपुटले, "अहो, पाहुण्यांचे कप आहेत ते. चांगले." तो मराठीत म्हणाला, "कळलं. वेगळे हायत." आणि मग इंग्रजीत, अगदी शांतपणे हिल्डाबाईला म्हणाला, "मला तुमच्या मगातला चहा द्याल?"

हिल्डाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मगाकडं पाहिलं. "यातून मी प्यायलेय," ती म्हणाली. "चालेल," सुदाम म्हणाला. तिनं खांदे उडवले आणि आपला मग त्याच्यापुढं सरकवला, त्याचा फुलांचा कप स्वतः उचलला. त्यानं तिचा उष्टा चहा घोट घोट घेत संपवला. तेव्हा कुठं मी माझा कप उचलला.

मग त्यानं विचारलं, ह्या घरांत पूर्वी कोण राहायचं? ती म्हणाली, आम्हीच. वरच्या खोलीत जन्मले मी. बाप जमीनदाराच्या मोठ्या घरचा नांगऱ्या. गावापासून लांब ही रांग मजुरांसाठी बांधलेली. मोठ्या घरी जायचं ते मागच्या दारानं, चर्चमध्ये बसायचं ते शेवटच्या बाकावर. पावसात ओढा फुगला की पाणी आमच्याच चुलीत, वरच्या घरांत कधी नाही. आता शहरातले लोक ह्या घरांसाठी जीव टाकतात, ती हसत म्हणाली, तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. सुदाम पुढं सरकून ऐकत होता. ओढ्याला किती पाणी यायचं, कुठपर्यंत चढायचं, सगळं विचारून घेतलं. घरी येताना पुलाशी थांबून म्हणाला, "बघितलंस? कपाच्या बाबतीत माझं चुकलं. जागेच्या बाबतीत न्हाई." परदेशात येऊन आपलं म्हणणं खरं ठरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या संध्याकाळी त्यानं बॅग रिकामी केली.

पुढची दोन वर्षं सुखाची गेली. गावच्या जत्रेत मी धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी खाऊन पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुदामनं सुट्टीच्या दिवशी गावकऱ्यांना घेऊन ओढ्याचा काठ उंच करून घेतला. दारातून मात्र तो शेवटच्या दिवसापर्यंत गुडघ्यातच दुमडत राहिला.

परत आल्यावर आमच्या गावात तो साहेब झाला. झेंडावंदनाला खुर्ची, बालाजीरावांच्या बैठकीत चहा, त्यांच्याच कपात. सुदाम जायचा, प्यायचा आणि येताना म्हणायचा, "ह्यो मान माझा हाय का माझ्या नोकरीचा, एवढं एकदा कळाया पायजे." मी म्हणायचे, मिळतोय तो घ्या की.

गाडी गावात शिरली तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं. फाट्यावर बालाजीराव उभे, मागं गावातली माणसं, पलीकडं आमची गल्ली. बालाजीरावांचे डोळे लाल होते. शाळेत सुदामच्या मागच्या इयत्तेत होते ते. म्हणाले, "वहिनी, समदं तयार हाय. गाडी इकडूनच वर घेऊ." ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. मुलगा म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं." मला रडायचं होतं, आणि वाद घालायची ताकद अंगात नव्हती. वर गेलो असतो तर पेपरात फोटो आला असता, मुलाला बरं वाटलं असतं, आणि मलाही. खोटं कशाला बोलू... त्या सिमेंटच्या ओट्याचा मोह मला झाला. आपला माणूस तरी तिथं पोचला, असं वाटलं.

समोर गिरजामावशी उभ्या होत्या. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, काठी टेकत आलेल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलेलं त्यांनी. मी त्यांचा हात धरला आणि बालाजीरावांना विचारलं, "भाऊजी, उद्या मावशींना काही झालं, तर त्यांनाही वरच न्यायचं ना?"

बालाजीरावांनी मागं वळून पाहिलं. मागची माणसं कुणी जमिनीकडं, कुणी गाडीच्या चाकांकडं बघत होती. गिरजामावशी म्हणाल्या, "मला कशाला मधी घेतीस गं, मी हाय अजून." कुणीतरी खोकलं. बालाजीराव हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तसं... बसून बोलावं लागंल समद्यांशी."

"बोला," मी म्हणाले. "तोवर आम्ही खाली जातो."

सुदामला आम्ही ओढ्याच्या पल्याड नेलं, त्याच्या आईवडिलांजवळ. वंदना झाली. गावातली बरीच माणसं ओढ्यापर्यंत आली आणि काठावर थांबली. पाच-सहा जण ओढा उतरून आले. बालाजीराव त्यांच्यात होते, पँट भिजलेली, एका बाजूला उभे. त्यांचा मला राग आला नाही, आजही नाही. पण माझा प्रश्न मी मागं घेतलेला नाही.

याला आता काही आठवडे झाले. ती बैठक अजून बसलेली नाही. मी नांदेडहून दर सोमवारी त्यांना फोन लावते. ते उचलतात, एवढं खरं. आधी कापणी होती, मग कुणाचं लग्न, मग ग्रामसेवक रजेवर. मी म्हणते, हरकत नाही, पुढच्या सोमवारी करते. सुदाम असता तर त्यानं हेच केलं असतं, माझ्यापेक्षा शांत आवाजात. त्याच्याशिवाय घर खायला उठतं, जेवण जात नाही, पण सोमवार आला की मी नीट केस विंचरून फोनपाशी बसते.

काल उलटा फोन आला, गिरजामावशींचा, नातवाच्या मोबाइलवरून. म्हणाल्या, "त्या बालाजीला सांग, मी काय घाई करत न्हाई. पर माझ्या आधी ठरवा म्हणावं."