गुआरानीतलं गाणं

घरी फोन करायला कॉलिंग कार्ड लागायचं, त्या काळात मी म्युनिकला पीएचडी करत होतो. एकदा मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये, लॅटिन अमेरिकन संस्कृतीचा कार्यक्रम होता. साल्सा नाच संपला आणि पॅराग्वेची एक मुलगी गिटार घेऊन उभी राहिली. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मी गुआरानीत गाणार आहे," ती म्हणाली. ती तिच्या घरातली भाषा.

संयोजक घाईघाईनं पुढे आला. "अगं, स्पॅनिशमध्ये गा ना! हे कुणाला कळणार?"

"स्पॅनिश तरी इथे किती जणांना कळतं?"

ती गायला लागली आणि मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "साल्सा! साल्सा!" कुणीतरी ओरडलं. तिनं मात्र डोळे मिटले आणि आवाज चढवण्याऐवजी आणखी खाली आणला. ऐकायचं तर गप्प बसणं भाग होतं. हळूहळू सगळे गप्प झाले.

नंतर मी तिला गाण्याचा अर्थ विचारला.

"आई अंगणातल्या मुलीला म्हणते, अंधार पडला, आता घरात ये."

"एवढंच?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, एवढंच," ती हसून म्हणाली. मग गिटार उचलून ती निघून गेली.